पाय एकदाच वाचवून भागत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



महात्मा ज्योतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे माझ्या वडिलांचा डावा पाय आज शाबूत आहे. हे सर्वांत आधी लिहिते, कारण पुढे जे मांडणार आहे त्यामागे कृतज्ञता आहे, राग नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत हे काम सुरू झालं, पुढे राज्यभर पोचलं, नाव बदललं, आणि २०२३ मध्ये दीड लाखाचं कवच ५ लाखांचं करून ते सगळ्या कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, हे आम्ही अनुभवलं आहे.

तरीही हे पत्र लिहावं लागतंय. पायाच्या बंद झालेल्या धमन्या मोकळ्या करण्याचा उपचार एकदा करून संपत नाही, तो अनेकदा पुन्हा करावा लागतो. डॉक्टरांना हे पहिल्या दिवशी माहीत असतं. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना नसतं, आणि आपली व्यवस्थाही प्रत्येक वेळी नव्याने पहिल्यापासून सुरुवात केल्यासारखी वागते. दुसरी वेळ येणार हे धरून सगळी आखणी करावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

हा आजार कोणता, ते थोडक्यात सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी घरांत तो असेल आणि त्याचं नाव ठाऊक नसेल. पायावर निळ्या शिरा फुगतात तो आजार वेगळा. इथे पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबीचे आणि चुन्याचे थर साचून अरुंद होतात. सुरुवातीला चालताना पोटरी भरून येते, गोळा येतो. जरा थांबलं की उतरतो, पुन्हा चाललं की पुन्हा येतो. लोक वय झालं म्हणतात, वात म्हणतात, तेल चोळतात. पुढे रात्री अंथरुणात पाय आडवा ठेवला की तळवा आणि बोटं ठणकू लागतात. माणूस उठून पाय खाटेखाली सोडून बसतो, रक्त थोडं खाली उतरतं, कळ कमी होते. कित्येक म्हातारी माणसं अशी महिनोन्‌महिने बसून झोपतात आणि घरच्यांना कारण समजत नाही. शेवटच्या टप्प्यात बोटाला झालेली बारीकशी जखम भरतच नाही, आणि एक दिवस ते बोट काळं पडतं.

जुन्या मधुमेहात आणखी एक घात होतो. पुष्कळांच्या पायाच्या संवेदना बोथट झालेल्या असतात, त्यामुळे मधल्या पायऱ्या जाणवतच नाहीत. पोटरी दुखत नाही, रात्रीची कळ येत नाही. थेट काळं बोटच दिसतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. या आकड्यात आपल्या राज्याचा वाटा काही लहान असणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, याच वाटेने गेले. जुना मधुमेह, आणि तरुणपणापासून बिडी. नव्या चपलेचा पट्टा घासून करंगळीजवळ फोड आला. गावात ड्रेसिंग होत राहिलं. गोळ्या बदलल्या, मलम बदललं, फोडाचा खड्डा झाला आणि करंगळी काळवंडली. तालुक्याच्या गावी दाखवलं तेव्हा गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असं सांगण्यात आलं. तोपर्यंत त्यांच्या पायात रक्त किती पोचतंय हे कुणी पाहिलंच नव्हतं. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या मागे नाडी लागते का, हे दोन बोटं ठेवून बघता येतं. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तेही झालं नव्हतं.

एका नातेवाइकाने दुसऱ्या शहरात न्यायला सांगितलं म्हणून आम्ही गेलो. तिथे डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी झाली, अँजिओग्राफी झाली, योजनेत मंजुरी मिळाली. जांघेत सुई घालून बारीक तार पोटरीतल्या बंद धमनीपर्यंत नेली, फुगा फुगवला, रस्ता मोकळा केला. यालाच पायाची अँजिओप्लास्टी म्हणतात. पोटावर-पायावर चीर नाही, पूर्ण भूल नाही, आप्पा टेबलावर डॉक्टरांशी बोलत होते. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. पुढच्या काही आठवड्यांत जखमेत लालसर मांस दिसू लागलं आणि ती भरली.

हा उपचार मुळात एका नकारातून जन्माला आला. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर नावाच्या क्ष-किरणतज्ज्ञाने एका ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी आतूनच रुंद केली. बाईंची बोटं सडू लागली होती, शल्यविशारदांनी पाय काढायचा सल्ला दिला होता आणि त्यांनी साफ नकार दिला होता. पाय गरम झाला, जखमा भरल्या. त्यानंतर जगल्या तेवढा काळ त्या आपल्या पायांवर चालत होत्या. हृदयाची अँजिओप्लास्टी, जिचं नाव आज गावागावात माहीत आहे, ती आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी झुरिकमध्ये १९७७ मध्ये केली. त्याआधी त्यांनी आपला फुगा पायाच्याच धमन्यांत वापरून पाहिला होता. म्हणजे ही विद्या आधी पायासाठी आली. आपल्याकडे मात्र छातीत कळ आली की गाडी काढतात आणि पायात कळ आली की चोळायला घेतात.

वर्षाच्या आत आप्पांचा पाय पुन्हा गार पडू लागला. रात्री उठून बसणं सुरू झालं. जुन्या जखमेच्या कडेला भेग पडली.

असं का होतं, ते मला त्या काळात डॉक्टरांकडून आणि वाचून समजलं. फुगा धमनीतला अडथळा बाहेर काढत नाही. तो थर फोडून, भिंत ताणून वाट रुंद करतो. भिंतीला ती एक जखमच असते आणि शरीर ती भरून काढायला लागतं. भिंतीतल्या स्नायूपेशी वाढतात, आतून व्रणाचा जाड थर बसतो आणि सहा महिने ते वर्षभरात वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. कमरेजवळच्या रुंद धमन्यांत हे कमी होतं. तिथली स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, कित्येक वर्षं उत्तम चालते. मांडीतली धमनी प्रत्येक पावलागणिक पिळली जाते, वाकते, दाबली जाते, तिथे टिकाऊपणा कमी. आणि पोटरीतल्या धमन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. मधुमेहात त्याच लांबच्या लांब बंद होतात, चुन्याने कडक होतात. साध्या फुग्याने मोकळ्या केलेल्या पोटरीच्या धमन्या तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्या तेव्हा निम्म्याहून अधिक परत अरुंद झालेल्या आढळल्या आहेत. ज्या हातांनी काम केलं त्यांचा यात दोष नसतो. आजाराचा स्वभावच तसा आहे.

आमच्या भागात उजनीचा कालवा आहे. वरच्या अंगाला गाळ साचला की टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी पोचत नाही, म्हणून गाळ पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि कालवाच वाया गेला असं कुणी म्हणत नाही. पावलाची बोटं ही शरीरातली टेलची शेतं आहेत.

पण आमच्याकडे दुसऱ्या वेळी काय घडलं पाहा. शेजारीपाजारी म्हणाले, एकदा केलं होतं ना, मग गेलं की पाण्यात सगळं. योजनेच्या खिडकीवर पहिलं वाक्य ऐकलं ते, 'हे तर झालेलं आहे तुमचं.' सुटीच्या कागदावर पंधरा दिवसांनी दाखवा एवढंच लिहिलेलं होतं. कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच यायचं, कुठे यायचं, पुन्हा करावं लागू शकतं की नाही, याची एक ओळ नव्हती. आणि आप्पा, जे पहिल्या वेळी पाय काढायला कुणाला हात लावू देत नव्हते, ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता कशाला परत? काढून टाकू द्या एकदाचा."

मंत्री महोदय, ते वाक्य दुखण्यातून आलं नव्हतं. पहिला उपचार फसला, आपल्यामुळे मुलांचा खर्च झाला, या समजातून आलं होतं. तो समज खोटा होता. पहिल्या फुग्याने त्याचं काम चोख केलं होतं. जखम भरायला जास्त रक्त लागतं. ती भरेपर्यंतच्या आठवड्यांत वाट उघडी राहिली, जखम भरली, पाय वाचला. पुढे वाट अरुंद झाली तरी धडधाकट कातडीला कमी रक्तातही भागतं. पुन्हा भेग पडली म्हणून पुन्हा रक्ताची गरज पडली, इतकंच. कुणीतरी पहिल्याच वेळी दहा मिनिटं बसून आप्पांना हे सांगितलं असतं, तर ते भिंतीकडे वळले नसते. अशा कितीतरी घरांत ते वाक्य बोललं जात असेल आणि ऐकणारेही थकलेले असल्यामुळे मान्य होत असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

दुसरी अँजिओप्लास्टी झाली. त्या वेळी औषध लावलेला फुगा मांडीतल्या भागासाठी वापरला. पॅक्लिटॅक्सेल हे मुळात कर्करोगाचं औषध, ते भिंतीतल्या पेशींची वाढ आवरतं आणि मांडीत पुन्हा उपचार करण्याची वेळ कमी लोकांवर येते. या फुग्यांबद्दल २०१८ च्या अखेरीस एक धास्ती पसरली होती, त्यांच्यामुळे मृत्यू वाढतात की काय अशी; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अधिक माहिती तपासून २०२३ मध्ये तसा धोका दिसत नसल्याचं जाहीर केलं. पोटरीसाठी, हळूहळू विरघळून जाणाऱ्या औषधी स्टेंटला त्याच प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. साधनं सुधारत आहेत. पण या नव्या साधनांच्या किमती सामान्य माणसाला धडकी भरवतात. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, तेव्हा देशभर स्वागत झालं. तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधल्या. मांडी आणि पोटरीच्या धमन्यांत जाणारे फुगे आणि स्टेंट या दोन्ही आदेशांत नव्हते. विषय केंद्राचा आहे, पण महाराष्ट्राने तो लावून धरला तर त्याला वजन येईल. ज्याला हेच साधन दोन-तीनदा लागणार आहे त्याच्यासाठी किमतीचा प्रश्न दुप्पट-तिप्पट होतो.

आता मागण्यांकडे येते. पहिली बिनखर्चाची आहे. पायाची अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यावर लिहावं की धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. रात्रीची कळ परत आली, जखम भरायची थांबली, नवा फोड आला, पायाचा रंग बदलला, तर वाट न बघता या क्रमांकावर या ठिकाणी यावं. आणि ठळक अक्षरांत हेही की पाय अचानक गार पडला, पांढराफटक झाला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर तो तासांचा खेळ आहे, १०८ ला फोन करावा. हे वाचून दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्रावर द्यावी. घरातल्या एका माणसाकडून ते परत वदवून घ्यावं. आमच्याकडे आप्पांची सगळी काळजी माझी आई घेते, तिला अक्षर वाचता येत नाही; पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही.

दुसरी मागणी पाठपुराव्याची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. अँजिओप्लास्टीनंतर पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पायाचं रक्त मोजलं जावं आणि ते तालुक्याला व्हावं. मोजायची रीत साधी आहे. छोटा हातातला डॉप्लर आणि रक्तदाबाचा पट्टा घेऊन घोट्याचा दाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येतं, ०.९ किंवा त्याखाली आलं तर अडथळा आहे. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत धमन्या कडक होऊन दबत नाहीत, तेव्हा आकडा फसवा असतो, १.४ च्याही वर जातो; त्यांच्यासाठी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. प्रशिक्षित परिचारिका हे पंधरा-वीस मिनिटांत करू शकते. असा डॉप्लर हजारांत मिळतो, लाखांत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक डॉप्लर, दोन शिकवलेल्या परिचारिका आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, एवढ्याने आप्पांसारख्यांची शहरापर्यंतची निम्मी पायपीट वाचेल. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद आणि असे उपचार करणारे क्ष-किरणतज्ज्ञ मोठ्या शहरांतच आहेत आणि ते एका रात्रीत तालुक्यांत येणार नाहीत, हे समजतं. पण मोजणं तर तालुक्यात येऊ शकतं. मोजलेला आकडा घसरताना दिसला की रुग्ण वेळेत वर पाठवता येतो, आणि वरच्या डॉक्टरांना हातात मागचे सगळे आकडे मिळतात.

त्याच ठरलेल्या दिवशी मूत्रपिंडांची तपासणीही व्हावी. अँजिओग्राफीत जो रंग धमनीत सोडतात तो कमकुवत मूत्रपिंडांना जड जातो, आणि वारंवार उपचार घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या बाबतीत हा हिशेब दर वेळी नव्याने करावा लागतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचंही तेच. बरं वाटलं की आमच्याकडे गोळी बंद होते. मोफत गोळी तालुक्यात दर महिन्याला हमखास मिळाली तर ती बंद होण्याचं एक मोठं कारण जाईल. चपलेबद्दलही विनंती आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात संवेदना गेलेल्या पायांसाठी एमसीआर, म्हणजे मऊ रबराच्या, चपला सरकार मोफत देतं. आप्पांच्या पायाची गरज तीच आहे. नव्या चपलेच्या पट्ट्याने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या चपलेने थांबवता आली असती.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उपचाराची मंजुरी मागणारा रुग्ण हा जुनाच रुग्ण आहे, त्याची आधीची नोंद एका क्लिकवर दिसावी आणि 'हे झालेलं आहे' हे वाक्य त्याला ऐकू येऊ नये, हेही यात आलंच.

एवढं लिहिल्यावर दुसरी बाजू मांडणं माझं कर्तव्य आहे, नाहीतर हे पत्र अर्धवट सत्य सांगेल. पुन्हा करणं दर वेळी योग्य नसतं. डॉप्लरच्या चित्रात धमनी अरुंद दिसली, पण जखम नाही, रात्रीची कळ नाही, तर पुष्कळदा काही करायची गरज नसते. फक्त चालताना पोटरी दुखणाऱ्या माणसाला पहिला उपचार चालण्याचाच आहे: आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं तीन महिने, कुणाच्या तरी देखरेखीखाली. त्याने चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. अमेरिकेत प्रत्येक प्रक्रियेमागे पैसे मिळण्याच्या पद्धतीने काय होतं, हे २०२३ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी मांडलं. साध्या पोटरीदुखीच्या रुग्णांवर बाह्यरुग्ण केंद्रांत पुन्हा पुन्हा धमन्या खरवडण्याच्या प्रक्रिया झाल्या आणि काहींचे पाय त्यातूनच गेले. आपल्या योजनेतही पैसे प्रक्रियेमागे मिळतात. म्हणून पुन्हा उपचाराची दारं उघडताना प्रत्येक वेळी कारण नोंदवलं जावं: जखम होती का, कळ होती का, घोट्याचा दाब किती होता, आणि तीन महिन्यांनी काय झालं. डॉक्टरांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. चांगल्या डॉक्टरांना या नोंदींचा आधारच होईल.

कधी फुग्यापेक्षा बायपास बरा असतो. पायाची स्वतःचीच चांगली शीर उपलब्ध असेल तर ती वापरून केलेला बायपास जास्त टिकू शकतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या अभ्यासात, अशी चांगली शीर असलेल्यांपैकी आधी शस्त्रक्रिया केलेल्या ९.२ टक्के रुग्णांना पुन्हा मोठा उपचार लागला, तर आधी फुग्याचा मार्ग घेतलेल्यांपैकी २३.५ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बेसिल-२ अभ्यासात गुडघ्याखालच्या धमन्या बंद असलेल्या रुग्णांमध्ये उलटं दिसलं, तिथे आधी फुग्याचा मार्ग घेतलेले जास्त जण जिवंत आणि पायासकट राहिले. रुग्ण वेगळे, धमन्यांचे भाग वेगळे, म्हणून निष्कर्ष वेगळे. सामान्य माणसाने यातून एवढंच घ्यायचं की दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी फुगा की बायपास हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्याला दोन्ही येत असले पाहिजे किंवा दोन्ही येणारे एका टेबलाशी बसले पाहिजेत. राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी दूरचित्रसंवादातून आठवड्याला अशी एक बैठक घेतली, तर जिल्ह्यातला डॉक्टर आपल्या रुग्णाची अँजिओग्राफी तिथे मांडू शकेल.

बिडीबद्दल न लिहिता पुढे गेले तर आप्पांनाच पटणार नाही. दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी ती सोडली. तंबाखूने हा आजार वाढतो आणि मोकळी केलेली धमनी लवकर बंद होते. मधुमेह नसलेल्या तरुण पुरुषांतही निव्वळ तंबाखूपायी हातापायांची बोटं झडवणारा बर्गरचा आजार आपल्याकडे आढळतो, आणि त्यात तंबाखू पूर्ण सोडण्याला पर्याय नाही, फुगा तिथे फारसा कामाला येत नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली होती. तशीच तत्परता बिडीबाबत हवी; ती सोडायला मदत करणारं समुपदेशन ज्या रुग्णालयात पायाची अँजिओप्लास्टी होते त्याच मजल्यावर हवं, कारण माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत त्याच दिवसांत असतो.

शेवटची मागणी मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. घोट्याच्या वरून पाय काढण्याची कोणतीही शस्त्रक्रिया, जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागणारी सोडून, धमन्यांची तपासणी केल्याशिवाय होऊ नये, असं परिपत्रक काढावं. किमान नाडी पाहिली का, घोट्याचा किंवा अंगठ्याचा दाब घेतला का, डॉप्लर झालं का, रक्तप्रवाह सुधारण्याचा पर्याय तपासला का, आणि आधी अँजिओप्लास्टी झाली असेल तर ती पुन्हा करता येईल का हे विचारलं का. एवढी माहिती भरल्याशिवाय योजनेतून त्या शस्त्रक्रियेला मंजुरी मिळू नये. काही पाय काढावेच लागतात, तो निर्णय वेळेवर घेतल्याने जीव वाचतात, हे मी जाणते. पण असा पाय गेलेल्या मधुमेही रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास पाच वर्षांत दगावतात, इतका तो निर्णय जड आहे. त्याच्या आधी दोन बोटं पावलावर ठेवली जावीत, ही अपेक्षा जास्त नाही.

आणि हे मोजलं जावं. कोणत्या जिल्ह्यात वर्षभरात किती पाय घोट्याच्या वर काढले गेले, त्यांतल्या किती जणांच्या धमन्या आधी तपासल्या होत्या, किती जणांची आधी अँजिओप्लास्टी झाली होती आणि ते परत कधी आले. प्रत्येक दावा संगणकात नोंदला जात असल्यामुळे योजनेतल्या शस्त्रक्रियांपुरती ही आकडेवारी तयार करता येण्यासारखी आहे. नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात ती जिल्हावार सभागृहासमोर ठेवाल का?

उत्तराच्या अपेक्षेत,

आपली नम्र,
सोलापूर जिल्ह्यातील एका रुग्णाची मुलगी